सिंहगड चढता, म्हणून वाळवंट सोपं वाटतंय?

गेल्या अंकात सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या सुपरस्टिशन डोंगरात आमचा हायकिंग क्लब थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या लाँग वीकेंडच्या शुक्रवारी, हाइक काढतो, अख्खी अमेरिका सेलच्या रांगेत उभी असते आणि आम्ही निवडुंगात. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. निम्मी तिकडेच राहणाऱ्या मंडळींची आणि निम्मी लेकीकडे-मुलाकडे सहा महिने जाणाऱ्या आईबाबांची. सगळी घेता येणार नाहीत, निवडक घेतलीत, लांबलेली थोडी कापलीत, रागवू नका.

ताई, मी ६३ आणि हे ६७. दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेनं, सव्वा तासात वर. नोव्हेंबरात लेकीकडे चँडलरला जातोय, तिच्या ग्रुपनं पेराल्टा ट्रेल ठरवलाय. जावई म्हणतात आई तुम्हाला झेपणार नाही. खरंच नाही झेपणार? — पुण्याच्या काकू

काकू, नुसता चढ विचारत असाल तर जावयांना खुशाल सांगा की झेपेल. पेराल्टाच्या पायथ्यापासून फ्रीमॉन्ट सॅडल, म्हणजे वरची खिंड, जाताना साधारण सव्वादोन मैल, साडेतीन किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि चढ असेल ४०० मीटरच्या आसपास. आतकरवाडीवरनं सिंहगड याहून बराच जास्त चढतो आणि तो तुम्ही दर रविवारी चढता.

पण मला जावयांची बाजूही थोडी घ्यावीशी वाटते, कारण मी पण सिंहगडवालीच आणि पहिल्या वर्षी ह्याच तोऱ्यात एक लिटर पाणी आणि चार चिक्क्या घेऊन गेले होते. सिंहगडावर आपण नुसते चढत नसतो हो, आपल्याला तिथं सगळे मिळून वर नेत असतात. अर्ध्यात लिंबूसरबत, मग ताक, मग काकडीवाल्या मावशी, वर देवटाक्याचं गार पाणी, पिठलं-भाकरी, आणि गुडघ्यानं दगा दिलाच तर वरून गाडीरस्ता आहे, कुणीतरी बसवून खाली आणतं. इथं यातलं काहीच नाही. वाटेत ओढा लागतो तो बहुतेक वेळा कोरडा असतो, सावली कपारीची मिळेल तेवढीच, आणि जिथवर गेलात तिथून परत यायचं ते आपल्याच पायांनी. शिवाय उतरताना खडकावर बारीक मुरूम असतो त्यावरून बूट सरकतो, आमच्या क्लबात पडलेले सगळे उतरतानाच पडलेत, चढताना एकही नाही. दोघांनी एकेक काठी घ्या, लाजू नका.

आणि दिवस लहान असतो बरं का. त्या दिवसांत सूर्य साधारण पाच-वीसला मावळतो, पण दरीत ऊन त्याच्या खूप आधी जातं आणि ऊन गेलं की एकदम गारठा, आपल्या हरिश्चंद्रगडाला डिसेंबरात वाजतो तसा. सकाळी आठला चालायला लागा, स्वेटर सॅकमध्ये असू द्या.

खिंडीत पोचलात की समोर जे दिसतं त्यासाठीच सगळं. वीव्हर्स नीडल म्हणून सुळका आहे, माथा समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर, एकदम अंगावर येतो. काकांच्या तोंडून "अरे हा तर लिंगाणा" निघणार, पैज लावते. लिंगाणा आपला काळ्या बेसॉल्टचा आणि हा ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला खडक, आजूबाजूचं झिजून गेलं आणि हा उरला.

नोव्हेंबरअखेरीस फिनिक्सला दुपारी २०-२२ डिग्री असतं, मस्त हवा. आमचा ग्रुप लीडर माणशी तीन लिटर पाणी आणायला सांगतो. एवढं ओझं कशाला? राजमाचीला मी एका बाटलीत जाऊन येतो. — टेंपीहून एक वाचक

राजमाचीला वाटेत गाव लागतं, विहीर लागते, म्हणून एक बाटली पुरते दादा, तुम्ही कमी पिता म्हणून नाही.

तुमची फसगत कुठे होते सांगते. आपल्याकडे, त्यातून कोकणात, घाम आला की कळतं, शर्ट पाठीला चिकटतो. तिकडची हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि अंगावर थांबतच नाही, उडून जातो, माणूस समजतो मला घामच येत नाहीये. संध्याकाळी काळ्या टीशर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसल्या की मग कळतं किती गेलं ते. त्यामुळे तहानेची वाट बघू नका, पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घेत राहा. हाइक चार-पाच तासांची आहे, तीन लिटर बरोबर सांगितलंय लीडरनं, आणि ओझं म्हणाल तर ते दर तासाला कमीच होत जातं.

एक नियम मात्र पाठ करा. अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं. खिंड दोनशे पावलांवर असली तरी. वर जाऊन बघू, कुणाकडे तरी असेलच, हे डोक्यात आलं की समजायचं आपण सिंहगडावर आहोत असं वाटायला लागलंय.

नुसतं पाणीही ढोसत बसू नका. मीठ गेलेलं असतं ते भरून नाही काढलं आणि वर लिटरच्या लिटर साधं पाणी ओतत गेलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतात. खारे दाणे, चिवडा, शेव, जे आवडतं ते मधेमधे खा. इलेक्ट्रॉल नेणार असाल तर एक लिटरचं पाकीट एक लिटरातच टाका, अर्ध्या बाटलीत कडक करून पिऊ नका.

आमच्या ग्रुपमध्ये २७ नावं आलीत, पाच लहान मुलं, सहा आजीआजोबा, बाकी आम्ही. पहिल्यांदाच लीड करतोय. सगळ्यांना पेराल्टालाच यायचंय. टिप्स द्या. — गिल्बर्टहून एक लीडर

पहिली टीप म्हणजे २७ जण चालणारच नाहीत. हा सगळा भाग सुपरस्टिशन वाइल्डरनेस, म्हणजे संरक्षित रान आहे, टोंटो नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत, आणि तिथे एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १५ माणसं असा नियम आहे. दहा मिनिटांच्या अंतरानं दोन ग्रुप सोडू आणि वर एकत्र जेवू अशी आयडिया सगळ्यांनाच सुचते, मला पण सुचली होती, पण मग खिंडीत २७ जण जमलेच की, नियमाला काय अर्थ राहिला. ड्रोनही नको, चालत नाही तिथे.

मी काय करते, दोन वेगळ्या वाटा घेते. ज्यांना दम आहे त्यांना पेराल्टा. लहान मुलं आणि ज्यांना गुडघ्याची खात्री नाही ते सगळे हायरोग्लिफिक ट्रेलला. जायला जेमतेम दीड मैल, चढ सौम्य, आणि शेवटी खडकात पाण्याचे डोह आहेत, पाऊस झाला असेल तर पाणी असतं, नाहीतर कोरडे. त्या खडकांवर तिथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, मेंढ्या, हरणं, गोल गोल वलयं. नाव चुकीचंच पडलंय खरं तर, इजिप्तच्या लिपीशी काही संबंध नाही. आपल्या रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं बघितली असतील तर मुलांना तिथला फोटो मोबाइलमध्ये दाखवा, अर्धा तास गप्प बसून बघतात. हात मात्र लावू द्यायचा नाही, खडूनं गिरवणं तर अजिबातच नाही. दोन्ही ग्रुप दुपारी खाली येऊन मग बाहेर कुठल्यातरी पार्कात एकत्र जेवा, काय २७ आणि काय ५७.

पेराल्टाच्या पायथ्याला जायचा शेवटचा काही मैलांचा रस्ता कच्चा आहे आणि सुट्टीच्या दिवशी पार्किंग लवकर भरतं. गाड्या कमी न्या.

आता चालण्याचं. पुढे एक लीड, मागे एक स्वीपर, आणि स्वीपरच्या मागे कुणीही नाही, फोटो काढायलाही नाही. स्वीपर म्हणून ग्रुपमधला सगळ्यात फिट माणूस ठेवा. लोक उलट करतात, दणकट पोरगं पुढे पाठवतात आणि मागे जो उरतो तो स्वीपर. ते पोरगं पळतं, मधलं अंतर वाढतं, पुढचे एका फाट्यावर जातात आणि मागचे दुसऱ्या. लीडला मी आमच्याकडे नेहमी एक सहासष्टीचे काका देते, त्यांचा वेग तोच ग्रुपचा वेग, ज्यांना पळायचंय त्यांनी मंगळवारी पळावं. निघताना प्रत्येकाला नंबर द्या आणि दर थांब्याला नंबर म्हणून घ्या. पोरांना शाळेसारखं वाटून हसू येतं, हसू दे.

अजून एक, हे लोक विसरतात. मागून येणारे दमून पोचले की पुढचे लगेच उठतात, चला आले सगळे, निघू. म्हणजे जे आधीच फिट त्यांना पंधरा मिनिटं विश्रांती आणि जे दमलेत त्यांना शून्य. शेवटचा माणूस बसला, पाणी प्यायला, आणि तो चला म्हणाला की निघायचं. तो म्हणेल तेव्हाच.

मागच्या डिसेंबरात एका ग्रुपबरोबर गेले होते, नाव नको. मी हळू चालते हे आधी सांगितलं होतं. दीड तासानं पुढचे दिसेनासे झाले, फोनला रेंज नाही, मी आणि माझ्यासारखीच एक जण अशा दोघी तासभर नुसत्या उभ्या. नंतर म्हणाले आम्हाला वाटलं तुम्ही मागे फिरलात. आता परत जायची भीती वाटते. — नाव-गाव नको

तुमचं पत्र वाचून मला भयंकर राग आला. तुमचा नाही, त्यांचा. "आम्हाला वाटलं" हे वाक्य डोंगरात ऐकलं की माझं डोकंच फिरतं. वाटायचं काय त्यात, मोजायचं.

तुम्ही दोघी एकत्र राहिलात आणि शॉर्टकट शोधत फिरला नाहीत, हे एकदम बरोबर केलंत. वाट चुकल्यासारखी वाटली की आहे तिथे थांबायचं, सावली असेल तर सावलीत, भडक रंगाची ओढणी-जॅकेट काहीतरी झुडपावर टाकायचं, शिट्टी असेल तर तीन तीन वेळा वाजवायची. शिट्टी गळ्यात बांधूनच ठेवा, सॅकच्या तळाशी असलेली शिट्टी काही कामाची नाही. त्या दऱ्यांत रेंजचा भरवसा धरू नका, पण मेसेज जाणार नाही म्हणून ९११, म्हणजे तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर, लावायचाच नाही असंही करू नका, तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्याच्या टॉवरवरून लागू शकतो. आणि घरी कुणाला तरी लिहून ठेवून जा, कुठला ट्रेल, कितीला परत, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचं.

परत जा, पण दुसऱ्या ग्रुपबरोबर. आधी एकच प्रश्न विचारा, तुमचा स्वीपर कोण? नाव सांगता आलं नाही तर घरी बसून थालीपीठ लावा.

जंपिंग कॅक्टस खरंच उडी मारतो का? आणि साप असतात का? — मेसाची एक आई

नाही हो. त्याचं नाव चोया. लांबून इतका गोंडस, पिवळसर, मऊ लव असल्यासारखा दिसतो की त्यातल्या एकाला टेडी बेअर चोयाच म्हणतात. त्याचे तुकडे सांध्याशी इतके सैल असतात की नुसता पायजमा घासला तरी तुटून येतात, आणि काट्यांना उलटे बारीक दाते, त्यामुळे आत शिरतो सहज पण निघत नाही. वाटतं उडीच मारली. माझ्या पोटरीला लागला तेव्हा मी शहाण्यासारखा हातानं ओढला, मग हाताला चिकटला, मग दुसऱ्या हातानं सोडवायला गेले. पुढचं सांगत नाही. मागून येणाऱ्या एका अनोळखी आजींनी काही न बोलता पर्समधून कंगवा काढला, काट्यांच्या खाली घातला आणि झटक्यात उडवला. तेव्हापासून रुंद दातांचा कंगवा आणि चिमटा सॅकमध्ये कायम. उडवताना समोर कुणी उभं नाही ना बघा, तो लांब जातो. फुल पँट, बंद बूट, सँडल नको.

साप विचारलाय तुम्ही शेवटी. थंडीत रॅटलस्नेक बहुतेक आत असतात पण ऊबदार दुपारी उन्हाला येऊ शकतात. न बघता कपारीत हात घालायचा नाही, कानात गाणी नकोत. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही न करता शांत ठेवून हॉस्पिटल.

मावशी, तिथे सोन्याची खाण आहे ना? मला शोधायचीये. — इयत्ता चौथी

बाळा, गोष्ट आहे खरी. जेकब वॉल्ट्झ नावाचा माणूस होता, तो जर्मन, म्हणजे त्यांच्या भाषेत डॉइच, पण लोकांनी डॉइचचं डच केलं आणि तो डचमन झाला. १८९१ मध्ये तो फिनिक्सला वारला आणि तेव्हापासून लोक म्हणतात त्याची सोन्याची खाण ह्याच डोंगरात कुठेतरी आहे, त्या सुळक्याच्या आसपास. शोधायला खूप जण गेले. ॲडॉल्फ रूथ नावाचे एक आजोबा १९३१ च्या जूनमध्ये, ऐन उन्हाळ्यात, एकटे गेले आणि परत आलेच नाहीत. खाण काही कुणाला मिळाली नाही, आणि आता १९८४ पासून तिथे नवीन खाणीचा हक्क सांगताच येत नाही, म्हणजे तुला मिळाली तरी पंचाईत.

तू त्यापेक्षा हे शोध. सग्वारो म्हणून उंचच उंच निवडुंग असतो ना, हात वर केलेल्या माणसासारखा, त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं आणि कधी जास्तही लागतात. हातवाला दिसला की समज हा आजोबांच्या वयाचा. आणि त्याच्या अंगावर गोल भोकं बघ, ती सुतारपक्ष्यांची घरं. किती दिसली ते मला लिहून पाठव.

बाथरूमचं काय? स्पष्ट लिहा. — तिघींनी वेगवेगळं विचारलंय

निघायच्या आधी जाऊन या, आणि त्यासाठी पाणी कमी पिऊ नका, बायका हेच करतात आणि मग चक्कर येते. वाटेत लागलंच तर वाटेपासून आणि ओढ्याच्या पात्रापासून दोनशे फूट लांब, पात्र कोरडं असलं तरी, मोठ्या कामाला वीतभर खड्डा करून बुजवायचा, आणि कागद, पॅड, सगळं झिपवाल्या पिशवीत घालून परत. पुरायचं नाही. बरोबर एक जण पाठमोरी उभी करायची, स्वीपरला सांगून जायचं.

मी जून-जुलैत सुनेच्या बाळंतपणासाठी जातेय. ४ जुलैला त्यांच्या क्लबची हाइक आहे, जाऊ का? — नाशिकच्या आजी

आजी, फिनिक्सच्या आसपास असेल तर अजिबात नाही, पहाटेची असली तरी नाही. २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तिथे पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ डिग्री, किंवा त्याच्याही वर गेला होता. फार तापतं तेव्हा शहरवाले स्वतःच कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा दिवसा बंद ठेवतात, २०२१ पासून. क्लब उत्तरेला फ्लॅगस्टाफला जाणार असेल तर गोष्ट वेगळी, ते सात हजार फुटांवर आहे, पाइनची झाडं, गार हवा. तिथे जुलैत दुपारी विजा होतात म्हणून बाराच्या आत खाली या. आणि बाळ आलं असेल तर तुम्हाला कोण सोडतंय म्हणा.

खायला काय न्यावं? आणि संत्र्याची सालं टाकली तर खतच होईल ना? — स्कॉट्सडेल

दशम्या, धपाटे, दाण्याची चटणी, सुका खाऊ. ग्रुपमध्ये कुणी ना कुणी श्रीखंड आणतंच, खालच्या जेवणाला ठेवा. सालांचं मात्र खत होत नाही, तिथे ओल नाही, कुजायला काही नाही, ती वाळून चामड्यासारखी होतात आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच तिथेच भेटतात. परत आणा.

हसू नका हं ताई. आम्ही चौघी मैत्रिणींना खिंडीत त्या सुळक्यासमोर नऊवारीत फोटो काढायचाय. — चँडलर

हसले, माफ करा, पण आयडिया आवडली. नेसून चढू नका, काष्ट्यात चोया गेला तर कंगवा कुठून घालणार. घडी करून सॅकमध्ये न्या, वर ट्रॅक पँटवरच नेसा, वारा असतो त्यामुळे पदराला पिना जास्त घ्या, आणि नेसवायला अर्धा तास धरून लीडरला आधीच सांगा, म्हणजे खाली अंधार पडायच्या आत पोचाल. नथ चापाची घ्या. फोटो आला तर पुढच्या अंकात छापू, संपादकांना विचारून ठेवलंय.